गाडीच्या दाराला बिनकिल्लीचे कुलूप



धार आणि देवास ह्या दोन शहरांतील जुन्या मराठी वस्त्यांतून फेरफटका मारला, तर वाड्याच्या चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी एखादी जुनी मारुती ८०० उभी असलेली आजही दृष्टीस पडते. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि १९१४ च्या मोटारींप्रमाणे ती संग्रहालयात जाऊन बसली नाही. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले, तरी वडिलांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे अशी ती घराघरांतून चालत आली आहे. तिच्या साध्या नमुन्यात प्रत्येक दाराचे कुलूप वेगळे. चालकाने उतरताना चारही दारांच्या खुंट्या दाबल्या आहेत की नाहीत हे वाकून वाकून पाहावे, हा तिचा शिरस्ता. नव्या गाडीत बोटाने कळ दाबताच चारही दारे एकदम बंद होतात. मग घरातील तरुण मंडळींना वाटते, आपल्या गाडीलाही ही सोय का असू नये? बाजारात तिची सामग्री एका खोक्यात मिळते. चार लहान मोटरी, एक नियंत्रक पेटी, दोन रिमोट आणि रंगीबेरंगी तारांचा एक जुडगा. जाणता मिस्त्री एका दिवसात ती बसवून देतो.

ह्या एका दिवसात दाराच्या पत्र्याआड नेमके काय घडते, हे आज मला आपणांस सांगावयाचे आहे. तारा आपण स्वतः जोडाव्यात असा माझा आग्रह नाही. परंतु ज्या दारातून आपली मुलेबाळे आत जातात आणि ज्यातून संकटाच्या वेळी त्यांनी बाहेर पडावयाचे असते, त्या दाराची तार कशी जोडली आहे हे मालकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. मिस्त्रीला योग्य प्रश्न विचारता यावेत आणि काम झाल्यावर ते पारखून घेता यावे, एवढे ज्ञान प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे.

मोटार ही ह्या मुलखाला नवी नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांच्याकडे सोपविलेल्या कामांत बागा, पाहुण्यांचा बंगला, वीजघर आणि संस्थानच्या मोटारी ह्यांची देखरेखही होती. त्या काळच्या कापडी छपराच्या उघड्या गाडीला दाराचे कुलूप असून नसून सारखेच. तिची राखण माणूस करी. आज धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे आयशर आणि पुण्याची फोर्स मोटर्स ह्यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि तेथेच ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान वाहनचाचणीचा मार्ग जून २०२१ मध्ये खुला झाला. गाडी जन्माला येते त्या जागी तिची एकेक तार मोजूनमापून घातली जाते आणि तपासली जाते. पण तीच गाडी गल्लीत आल्यावर तिच्यात जी तार वाढविली जाते, तिची तपासणी करणारा कोण? तो आपणच.

प्रथम कुलूप कशासाठी असते ह्याचा विचार करू. धारचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली तेथेच झाला. अशा कोणत्याही किल्ल्याच्या महाद्वाराची योजना आठवा. बाहेरच्या शत्रूसाठी ते द्वार अभेद्य. परंतु आतल्या माणसाला ते उघडण्यास किल्ली लागत नाही. आडवा घातलेला अडसर सारला की काम झाले. शिवाय मोठ्या दरवाजात लहानशी दिंडी ठेवलेली असते, ती अडीअडचणीला उपयोगी पडते. म्हणजे कुलपाची कर्तव्ये दोन. परक्याला बाहेर ठेवणे हे पहिले आणि आतल्याला अडवू नये हे दुसरे. बिनकिल्लीचे कुलूप विकणारा पहिल्या कर्तव्याविषयी भरभरून बोलतो. दुसऱ्याविषयी मालकालाच विचारावे लागते.

आता दाराच्या आत डोकावू. दाराचे अस्तर काढले की आत एक खटका दिसतो. हा खटका गाडीच्या खांबावरील आकड्यात अडकतो आणि दार मिटते. खटक्याला जोडलेल्या लोखंडी सळया असतात. एक सळई आतल्या मुठीकडे, एक बाहेरच्या मुठीकडे आणि एक कुलपाच्या खुंटीकडे जाते. खुंटी दाबली की तिची सळई सुमारे दोन सेंटिमीटर सरकते आणि मुठी निकामी होतात; खुंटी उचलली की त्या पुन्हा कामाला येतात. खोक्यातून आलेल्या मोटरीचे काम एवढेच, की ह्या खुंटीच्या सळईला आपल्या दांड्याने वर ओढावे किंवा खाली ढकलावे. मोटरीला दोन तारा असतात. एका तारेला धन आणि दुसरीला ऋण दिले की दांडा बाहेर येतो. धन-ऋणाची अदलाबदल केली की तो आत जातो. हा प्रवाह एका सेकंदाहून कमी काळ द्यावयाचा असतो. त्या क्षणभरात एक मोटर सुमारे तीन ते पाच अँपियर प्रवाह ओढते. म्हणजे चौघी मिळून बारा ते वीस अँपियर. कुलपाची तार म्हणून ती केसासारखी बारीक चालेल, ही समजूत येथेच खोटी ठरते.

चालकाच्या दारातील मोटरीला दोन नव्हे, पाच तारा असतात. वाढीव तीन तारा एका लहान कळीच्या असून चालकाने किल्ली फिरविली, किंवा खुंटी हाताने दाबली, की ही कळ नियंत्रक पेटीला वर्दी देते आणि पेटी उरलेल्या तिन्ही दारांना हुकूम सोडते. म्हणून रिमोट बिघडला तरी चालकाच्या दारात किल्ली फिरवून चारही दारे उघडता येतात. ज्या मिस्त्रीने पाच तारांची मोटर चुकून मागच्या दारात बसविली, त्याने ही सोय घालविली असे समजावे.

हे झाले ज्या गाडीत मुळात एकही मोटर नाही तिच्याविषयी. परंतु पुष्कळ गाड्यांत सेंट्रल लॉकिंग कारखान्यातूनच आलेले असते. नसतो तो फक्त रिमोट. तेथे नव्या मोटरी लागत नाहीत. नव्या पेटीचा हुकूम जुन्या यंत्रणेच्या कानी घालावयाचा असतो. हा हुकूम कोणत्या भाषेत घालावयाचा हे ओळखणे म्हणजे ह्या कामाची गुरुकिल्ली होय. ह्या भाषा मुख्यतः तीन आहेत.

पहिलीत जुन्या कळीची तार स्वस्थ असताना बारा व्होल्ट दाखविते, आणि कळ दाबली की ती गाडीच्या अंगाशी, म्हणजे ऋणाशी जोडली जाऊन शून्य दाखविते. दुसरीत ह्याच्या उलट. तार स्वस्थ असताना तिच्यात काही नसते आणि कळ दाबली की बारा व्होल्ट येतात. ह्या दोन्ही प्रकारांत कळीची तार केवळ सूचना देणारी असते. मोटरींचा मोठा प्रवाह दुसऱ्याच पेटीतून जातो. म्हणून नव्या पेटीची तार जुन्या तारेला नुसती समांतर जोडली तरी भागते. पहिल्या प्रकारात नव्या पेटीने ऋण द्यावे, दुसऱ्यात धन. एवढा भेद सांभाळला म्हणजे झाले.

तिसरा प्रकार मात्र फसवा आहे. त्यात कळीतूनच मोटरींचा सगळा प्रवाह वाहतो. स्वस्थ असताना मोटरीच्या दोन्ही तारा कळीच्या आत ऋणाला जोडलेल्या असतात. कुलूप लावताना एका तारेला धन मिळते, उघडताना दुसरीला. मीटर लावून पाहणाऱ्याला हा प्रकार दुसऱ्यासारखाच भासतो, कारण येथेही कळ दाबताच बारा व्होल्ट येतात. भेद कळतो तो स्वस्थ स्थितीत रोध मोजला म्हणजे. ही तार ऋणाशी जवळजवळ शून्य रोधाने जोडलेली आढळते. अशा तारेला नव्या पेटीचे धन समांतर जोडले तर काय होईल? पेटी बारा व्होल्ट देऊ पाहील आणि जुनी कळ तीच तार ऋणाला धरून बसलेली असेल. बॅटरीचे धन आणि ऋण एकमेकांस सरळ भिडतील. फ्यूज असला तर तो उडेल. नसला तर तार तापेल, तिचे आवरण वितळेल आणि गाडीच्या अस्तराखाली आग धुमसू लागेल.

ह्यावर उपाय काय, हे समजण्यास देवासकर श्रोत्यांना घरचाच दाखला आहे. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी पवार ह्या दोन बंधूंकडे देवास आले आणि पुढे एकाच शहरात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन होईपर्यंत एका शहरावर दोन गाद्यांचा अंमल होता. अशा ठिकाणी शांततेचा मार्ग एकच असतो. एका जागी एका वेळी एकाचाच हुकूम चालावा, आणि कोणाचा चालावयाचा ते आधी ठरलेले असावे. मोटरीच्या तारेवर जुनी कळ आणि नवी पेटी अशा दोन गाद्या आल्या, की हीच व्यवस्था लावावी लागते. ती लावणाऱ्या साधनास रिले म्हणतात.

रिले म्हणजे विद्युच्चुंबकाने हलणारी कळ. तिच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७अ असे आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ह्यांच्यामध्ये चुंबकाचे वेटोळे असते. चुंबक स्वस्थ असताना ३० हा पाय ८७अ ला जोडलेला राहतो. वेटोळ्यातून प्रवाह गेला की तो ८७अ ला सोडून ८७ ला चिकटतो. आता मोटरीकडे जाणारी तार मधोमध कापावयाची. मोटरीकडील टोक ३० ला, जुन्या कळीकडील टोक ८७अ ला आणि फ्यूजमधून आलेले बॅटरीचे धन ८७ ला. कुलूप लावण्याच्या तारेवर एक आणि उघडण्याच्या तारेवर एक असे दोन रिले लागतात. पुष्कळ नव्या पेट्यांत हे दोन्ही रिले आतच बसविलेले असतात आणि त्यांच्या तीन-तीन तारा बाहेर काढलेल्या असतात.

ह्या जोडणीने काय साधले पाहा. रिमोट दाबलेला नसताना जुनी कळ पूर्वीप्रमाणेच मोटरीची धनीण असते. रिमोट दाबला की एक रिले तेवढ्या क्षणापुरती जुन्या कळीला बाजूला सारतो आणि मोटरीला धन देतो. मोटरीची दुसरी तार दुसऱ्या रिलेमधून आणि जुन्या कळीमधून ऋणाला पोचलेलीच असते. दोन हुकमांची गाठ कधी पडतच नाही. एका गोष्टीचा मात्र विसर पडू नये. येथे तार कापणे भागच आहे. ‘वायर कापली नाही, नुसती जोडून दिली’ असे मिस्त्री अभिमानाने सांगत असेल, तर पहिल्या दोन प्रकारांत ते भूषण आहे आणि तिसऱ्यात दोष आहे.

अलीकडच्या गाड्यांत ह्याहून निराळी भाषा आली आहे. तेथे दोन बारीक तारांवरून संगणकी संदेश धावतात आणि दाराच्या कुलपाचा हुकूम हा त्या शेकडो संदेशांपैकी एक असतो. त्याच तारांवरून इंजिनाचे आणि ब्रेकचे निरोपही जात असतात. तेथे कात्री किंवा दिव्याची चाचणीकाडी लावणे म्हणजे टपाल कचेरीत शिरून पत्रांच्या थैल्या उलथ्या करण्यासारखे आहे. अशा गाडीसाठी त्या नमुन्यापुरते बनविलेले जोडयंत्र मिळत असेल तरच हे काम करावे. नाहीतर नाद सोडावा. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या जोडाच्या तारा बहुधा हवेच्या पिशव्यांच्या, म्हणजे एअरबॅगच्या असतात. त्यांना कोणत्याही निमित्ताने हात लावू नये. तपासणीसाठी दिव्याच्या काडीऐवजी मल्टीमीटर वापरणारा मिस्त्री पाहावा, कारण दिवा स्वतःच प्रवाह ओढतो आणि नाजूक मंडलांना तो सोसत नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर तार कापल्याने विजेच्या भागांवरील हमीला बाध येऊ शकतो, हेही आधी वाचून घ्यावे.

आता वीज आणावयाची कोठून, ते पाहू. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू प्रथम सोडवावी. धन बाजू आधी सोडवू लागले आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर तेवढ्यानेच ठिणगी पडते. ऋण आधी सुटलेले असले तर पाना टेकला तरी मंडल पूर्ण होत नाही. पेटीसाठी धन घ्यावयाचे ते बॅटरीपासून किंवा फ्यूजच्या पेटीतील योग्य जागेपासून. बॅटरीपासून घेतल्यास फ्यूज बॅटरीच्या एका हाताच्या आत असावा. आपला जुना हात म्हणजे अठरा इंच, आणि मोटारविजेच्या कामातला रूढ संकेतही नेमका तेवढाच आहे. त्याचे कारण उघड आहे. फ्यूज आपल्या पुढच्या तारेचे रक्षण करतो, मागच्या तारेचे नाही. बॅटरी आणि फ्यूज ह्यांच्या मधला तुकडा घासून पत्र्याला लागला, तर त्याला वाचविणारे कोणी नाही. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. फ्यूज पेटीसोबत आलेल्या पत्रकात जेवढा सांगितला असेल तेवढाच घालावा. तो वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे, किंवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे, हे घर जळत असता घंटा बंद करण्यासारखे आहे.

ऋणाची तार रंग खरवडून काढलेल्या उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. रंगावर आवळलेली तार आज चालते आणि पावसाळ्यात दगा देते. जोड डाग देऊन किंवा योग्य लग दाबून करावेत आणि त्यावर तापवून आवळणारी नळी चढवावी. नुसती पिळलेली तार आणि वर चिकटपट्टी, हा जोड माळव्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही. पट्टीचा डिंक सुटतो आणि तार उघडी पडते.

ह्या कामातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे दार आणि खांब ह्यांमधील फट. दार वर्षातून हजारो वेळा उघडते आणि मिटते, आणि तितक्या वेळा तेथील तार वाकते. म्हणून त्या ठिकाणी पुष्कळ बारीक धाग्यांची लवचिक तार हवी, तिला थोडी ढील हवी, आणि ती रबरी नळीतून गेलेली हवी. पत्र्याला भोक पाडून त्याच्या धारदार कडेवरून तार ओढली, तर ती कड रोज थोडी थोडी आवरण कापत राहते. पुष्कळ गाड्यांतील ‘कुलूप आपोआप उघडझाप करते’ ह्या तक्रारीचे मूळ अशाच एखाद्या घासलेल्या तारेत असते. दाराच्या आत काच खाली उतरते त्या मार्गात मोटर किंवा तार येणार नाही, हे काच पूर्ण वरखाली करून पाहावे आणि मगच अस्तर लावावे.

गाडी आठवडे-आठवडे उभी राहत असेल, तर आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. रिमोटची हाक ऐकण्यासाठी पेटी रात्रंदिवस जागी असते आणि थोडा प्रवाह घेत असते. समजा हा प्रवाह २० मिलिअँपियर आहे. तर दिवसाला सुमारे अर्धा अँपियर-तास आणि महिन्याला साडेचौदा अँपियर-तास खर्च होतात. ४५ अँपियर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. म्हणून पेटी घेताना तिचा स्वस्थ प्रवाह विचारावा, आणि काम झाल्यावर तो मीटरवर मोजून घ्यावा.

आता रिमोटकडे वळू. दारापासून दूर उभे राहून कुलूप उघडणारी यंत्रणा मोटारीत प्रथम आली ती १९८२ च्या सुमारास, फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या फुएगो ह्या गाडीत, असे साधारणपणे सांगितले जाते. ती अवरक्त किरणांवर चालत असे. आजचे रिमोट रेडिओलहरींवर चालतात; त्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही कंपनसंख्या फार रूढ आहे. आपण ऐकता त्या आकाशवाणीप्रमाणेच ही लहरही सर्वांच्या कानी पडणारी आहे. ती पेटीने ऐकावी तशी चोरानेही ऐकावी, ह्याला अटकाव नाही. मग रक्षण कशात आहे? ते परवलीच्या शब्दात आहे.

किल्ल्यांवर रात्रीच्या पहाऱ्याला परवल देत, आणि ती रोज बदलत. तीच परवल महिनोन्महिने ठेवली असती, तर एकदा कान लावून बसलेला हेर दुसऱ्या रात्री तोच शब्द उच्चारून आत आला असता. स्वस्तातल्या काही रिमोटांत संकेत असा कायमचा एकच असतो. तो एकदा टिपून पुन्हा प्रक्षेपित केला की दार उघडते. चांगल्या रिमोटमध्ये संकेत प्रत्येक दाबणीला बदलतो. रिमोट आणि पेटी ह्या दोघांकडे एक गुप्त संख्या आणि एक गणक असतो. दर वेळी गणक पुढे सरकतो आणि नवा संकेत तयार होतो, आणि पेटी मागचा संकेत पुन्हा स्वीकारत नाही. ह्यांपैकी ‘कीलॉक’ ही प्रसिद्ध पद्धती १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाली आणि १९९५ साली अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. २००७–०८ मध्ये बेल्जियम, इस्राएल आणि जर्मनी येथील संशोधकांनी तिच्यातील उणिवा दाखवून दिल्या. परंतु असा हल्ला करण्यास विद्या लागते. कायमच्या संकेतावरील हल्ल्यास केवळ एक स्वस्त यंत्र पुरते. म्हणून विकत घेताना बदलत्या संकेताचाच रिमोट मागावा.

ज्या यंत्रणेत कळही दाबावी लागत नाही, किल्ली खिशात असली की दार उघडते, तिची गोष्ट आणखी निराळी. २०११ साली झुरिच येथील संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर प्रयोग केला. किल्लीजवळ एक आणि गाडीजवळ एक असे यंत्र ठेवून त्यांनी लहर पुढे पोचविली, आणि किल्ली दूर असूनही गाडी ती जवळच आहे असे समजून उघडली. परवल खरी होती. फसगत झाली ती अंतराची. अशी किल्ली रात्री घराच्या दाराशी खुंटीला टांगू नये. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. सोय जितकी अधिक तितका पहाराही अधिक लागतो, हे येथे ध्यानात येते.

आता राहिले कुलपाचे दुसरे कर्तव्य, आणि माझ्या मते तेच थोर आहे. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिसाच्या वर जातो. बंद गाडीत उष्णता कशी साठते ह्याचा एक अभ्यास अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतील तपमान एका तासात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढले, आणि त्यातली चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ह्याचा अर्थ असा, की किल्ली आत, मूल आत आणि आई बाहेर अशा स्थितीत विचार करावयास वेळ नसतो.

बिनकिल्लीचे कुलूप अशी स्थिती आपल्या हातांनी निर्माण करू शकते. पुष्कळ पेट्यांत अशी योजना असते, की रिमोटने दार उघडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत ते कोणी ओढले नाही तर कुलूप पुन्हा आपोआप लागावे. दार ओढले गेले हे पेटीला कळते ते दाराच्या दिव्याच्या कळीकडून. ती तार जोडलीच नाही, तर दार उघडून आईने मुलाला आत बसविले, रिमोट आसनावर ठेवला आणि दार लोटले, तरी पेटीच्या हिशेबी दार उघडलेच नाही; ती कुलूप लावून मोकळी होते. दुसरी एक योजना इंजिनाची किल्ली फिरविताच सर्व दारे लावते. चालक गाडी सुरू ठेवून फाटक उघडण्यास उतरला आणि त्याने दार लोटले, तर त्याच्यावर रस्त्यात उभे राहण्याची पाळी येऊ शकते. ह्या दोन्ही योजना आपणांस हव्यात की नकोत, हे मिस्त्रीला आधीच स्पष्ट सांगावे. मूल आत अडकलेच, तर रिमोट सापडण्याची वाट पाहू नये. मुलापासून दूरची काच फोडावी. काच दुसरी मिळते.

अपघाताचीही कल्पना करून ठेवावी. धडकेत बॅटरीची तार तुटली किंवा गाडी पाण्यात गेली, तर मोटरी मुक्या होतात. त्या वेळी आतल्या माणसाने हाताने खुंटी उचलून बाहेर पडता आले पाहिजे. ही गोष्ट शासनानेही मानली आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना जी अधिक सुरक्षासाधने आवश्यक ठरली, त्यांत सेंट्रल लॉकिंग हाताने उघडण्याची सोय ही एक आहे. नंतर बसविलेल्या कुलपाची मात्र अशी तपासणी कोणी करीत नाही. मोटरीचा दांडा तिरपा बसला, किंवा सळईला जोडणारा स्क्रू वाकडा आवळला, तर खुंटी इतकी जड होते की मुलाच्या किंवा वृद्धाच्या बोटांनी ती उचलत नाही. दांडा सळईच्या हालचालीला समांतर असावा, ही लहानशी दक्षता म्हणूनच मोठी आहे.

शेवटी, गाडी मिस्त्रीच्या दुकानातून हलविण्यापूर्वी चार परीक्षा घ्याव्यात. पहिली, बॅटरीची ऋण तार सोडवून आत बसावे आणि प्रत्येक दार आतून हाताने उघडून पाहावे. घरातील लहान मुलालाही उघडावयास सांगावे. मागच्या दारांना मुलांसाठी वेगळा खटका असेल तर तो आधी काढून ठेवावा. दुसरी, तशाच स्थितीत चालकाचे दार बाहेरून किल्लीने उघडते का ते पाहावे. तिसरी, तार पुन्हा जोडून रिमोटने दहा-वीस वेळा उघडझाप करावी आणि फ्यूज, जोड व पेटी हाताला तापलेली लागतात का ते पाहावे. चौथी, एक दार उघडून मिटावे, अर्धे मिनिट थांबावे आणि कुलूप आपल्या मर्जीविरुद्ध लागत नाही ह्याची खात्री करावी. ही परीक्षा घेताना किल्ली खिशात असावी. ह्याखेरीज कोणती तार कोठे कापली आणि कोठे जोडली, ह्याचे एक टिपण मिस्त्रीकडून लिहून घ्यावे आणि गाडीच्या कागदांत ठेवावे. पुढच्या दुरुस्तीला येणारा माणूस दुवा देईल.

ह्या चार परीक्षांना अर्धा तासही लागत नाही. रिमोटची कळ दाबताच चारही दारांचा एका आवाजात होणारा खटका ऐकून घरातील मंडळींना आनंद होईल, आणि तो व्हावाच. मात्र त्या आधी, वीज नसताना, आतल्या खुंटीचा आवाजही एकदा ऐकून घ्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.